सोलापूरच्या बखळी

पडून गेलेल्या घराच्या जागेला मराठीत एक वेगळा शब्द आहे : बखळ. शेत पडीक असते, गाव ओसाड पडते, भिंत पडकी असते. पण जिथे एके काळी घर होते आणि आता नाही, जिच्या चतुःसीमा अजून शाबूत आहेत पण जिच्यावर छप्पर नाही, ती जागा म्हणजे बखळ. जुन्या खरेदीखतांत हा शब्द वारंवार भेटतो : पूर्वेस अमक्याचे राहते घर, दक्षिणेस सरकारी बोळ, उत्तरेस बखळ. शहरी बोलण्यातून तो आता मागे पडला आहे. जागांचे दलाल 'ओपन प्लॉट' म्हणतात, महापालिका 'खुला भूखंड' म्हणते, आणि या दोन्ही शब्दांतून येथे पूर्वी कोणी राहत होते ही गोष्ट निसटून जाते. 'बखळ' म्हटले की ती शिल्लक राहते. म्हणून या लेखात आम्ही जुनाच शब्द वापरणार आहोत.

आम्हांपैकी एकाचे आजोळ सोलापुरात, उत्तर कसब्यात होते. 'होते' असे म्हणावे लागते, कारण ते घर आता बखळ आहे. वाड्याच्या मागल्या सोप्यातली दोन खणांची भाड्याची जागा, वर माळवद, चौकात सामाईक नळ. आज शेजारच्या घराशी असलेली सामाईक भिंत उघडी पडली आहे आणि तिच्यावर आमच्या घराचा उभा छेद दिसतो : दोन कोनाडे, एक खुंटी, चुलीच्या धुराचा काळा पट्टा, आणि माळवद जिथे टेकले होते तिथे तुळयांची चौकोनी भोके. खाली वेडी बाभूळ माजली आहे. फाटकाला कुलूप असून पत्र्याच्या पाटीवर लिहिले आहे की सदर जागेबाबतचा वाद न्यायालयात प्रलंबित आहे. पाटी दोनदा नव्याने रंगवलेली आम्ही पाहिली. मजकूर तोच राहिला.

अशा बखळी सोलापूरच्या जुन्या पेठांतून फिरताना बऱ्याच दिसतात. त्यांचे स्पष्टीकरण म्हणून जे पहिले वाक्य कानी पडते ते असे : गिरण्या बंद पडल्या, गावाची रया गेली, पोरे पुण्याला गेली, घरांना गिऱ्हाईक उरले नाही. यात तथ्य नाही असे नाही. २००१ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ८,७२,४७८ होती. २०११ मध्ये ती ९,५१,५५८ झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ सुमारे नऊ टक्के. त्याच दशकात पुणे महापालिकेची लोकसंख्या २५,३८,४७३ वरून ३१,२४,४५८ वर गेली, म्हणजे तेवीस टक्के. सोलापूर थांबलेले गाव आहे हे त्या आकड्यांतून उघड दिसते. पण थांबलेल्या गावातही नऊ लाख माणसांना डोक्यावर छप्पर लागतेच, आणि कसब्यासारख्या मध्यवस्तीतल्या जागेला गिऱ्हाईक नाही हे म्हणणे कोणाही सोलापूरकराला पटणार नाही. मग मधोमध जागा रिकाम्या का?

ज्या शहरांत खरोखरच गिऱ्हाईक उरले नाही त्यांच्याशी तुलना करून पाहिली तर उत्तराची दिशा सापडते. अमेरिकेतील डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती; २०१० मध्ये ती सात लाखांच्या थोडी वर उरली. मोटारीचे कारखाने हलले, गोरी वस्ती उपनगरांकडे गेली, आणि २००७-०८ च्या गृहकर्जसंकटात उरलेल्यांतली हजारो घरे जप्तीत निघाली. २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळे जाहीर केले. तिथे सोडून दिलेली घरे सार्वजनिक पैशाने पाडावी लागली, कारण त्यांवर हक्क सांगायला कोणी पुढे येत नव्हते आणि उभी घरे शेजारच्या घरांची किंमत खाली खेचत होती. जर्मनीच्या पूर्व भागात एकीकरणानंतर असेच घडले. २००२ पासून सरकारी योजनेखाली लाखो सदनिका पाडण्यात आल्या. या दोन्ही ठिकाणी रिकामी जागा म्हणजे हक्कदार नसलेली जागा. सोलापूरची बखळ हिच्या उलट आहे. तिच्यावर हक्कदार फार आहेत. मालकाचे चार वारस, त्यांतला एक मुंबईस, एकाचे वारस आणखी तीन. तळमजल्याचे दोन भाडेकरू, माडीचे दोन, ओसरीवरचा शिंपी. शिवाय कर थकल्यामुळे महापालिका. घर पडले, पण त्यावरचे हक्क पडले नाहीत, आणि त्या हक्कांच्या गुंत्यामुळे तिथे दुसरे घर उभे राहत नाही. ही बखळ मंदीने सुरू झाली असेल. टिकली आहे ती कायद्याने आणि कागदाने.

सोलापूरला पाडापाडी नवी नाही. आधुनिक सोलापूरचा आरंभच एका पाडकामाने झाला असे म्हणता येईल. १८६० मध्ये रेल्वे आली आणि पुढच्या बारा वर्षांत गाव तटाबाहेर सांडू लागले. १८७२ च्या सुमारास नगरपालिकेने गावाला वाढायला जागा व्हावी म्हणून तटाचा पूर्वेकडचा भाग आणि इतर बाजूंचेही तुकडे पाडले. तट गेला, वेशी गेल्या, नावे राहिली. तुळजापूर वेस, बाळीवेस, कुंभार वेस, विजापूर वेस : आज या ठिकाणी रिक्षा थांबतात, आणि वेस कुठे आहे असे कोणी विचारीत नाही. नाव राहून वस्तू जाणे ही या शहराची जुनी खोड आहे. पुढे गिरण्यांच्या बाबतीत ती पुन्हा दिसेल.

तटाबाहेर १८७७ च्या सुमारास मुंबईचे मुरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी सुरू झाली. दुष्काळाचे साल होते आणि पोट घेऊन शहरात आलेल्या माणसांची वाण नव्हती. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या निघाल्या, आणि पहिली गिरणी आपोआप 'जुनी मिल' झाली. १९०१ मध्ये शहराची वस्ती ७५,२८८ होती. गिरण्यांनी काही चाळी बांधल्या. बाकीचे कामगार पेठांतल्या वाड्यांत दोन दोन खण भाड्याने घेऊन राहिले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात मागासकट घरे मांडली. तिथे घर आणि कारखाना यांत भिंतच नव्हती. गावाच्या कडेला तारेच्या कुंपणात 'सेटलमेंट' होती. इंग्रज सरकारने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्यांना तिथे डांबून गिरण्यांत कामाला पाठवले जाई. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि कुंपण गेले. वस्तीचे नाव मात्र सेटलमेंटच राहिले.

येथे वाड्याच्या बांधणीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण तिच्याशिवाय पुढचा कायदा कळत नाही. सोलापूरकडचे जुने घर म्हणजे खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या जाड भिंती, लाकडी खांब आणि तुळया, आणि सर्वांवर मातीचे सपाट माळवद. पाऊस कमी, ऊन प्रखर. या हवेला असे घर फार सोयीचे. उन्हाळ्यात आत गारवा, रात्री वर अंथरुणे, दिवसा पापड-कुरडयांचे वाळवण. परंतु माळवदाची एक अट असते. दर वर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी माती पसरून, चोपून, पन्हळी मोकळ्या करून घ्याव्या लागतात. एक वर्ष चुकले तर गळती लागते, दोन वर्षे चुकली तर तुळईचे टोक कुजते, आणि चार वर्षे चुकली तर एखाद्या आषाढात खण खाली येतो. दगडी इमारत दुर्लक्ष सोसते. माळवद सोसत नाही. ते घर बांधून संपत नाही, दर वर्षी थोडे थोडे बांधत राहावे लागते.

या घरावर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा येऊन बसला. युद्धकाळात शहरांत माणसे दाटली होती, घरमालक मन मानेल ते भाडे मागत होते. तेव्हा भाड्याला लगाम घालणे न्याय्यच होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे प्रमाण मानले आणि तिथेच गोठवले. ते पन्नास वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे आता अवाजवी झाले आहे असे म्हटल्यावर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. महिना सहा-सात रुपये भाडे घेणारा मालक माळवदावर मातीची गाडी टाकीना. भाडेकरू म्हणे, घर त्याचे, मी का टाकू? आजोळची एक आठवण अशी आहे की मृगाच्या तोंडावर आजोबा स्वतः दोन घमेली माती घेऊन शिडी चढत, आणि आमच्या खोल्यांवरचे तेवढेच माळवद चोपून खाली येत. शेजारच्या खणावर ते माती घालीत नसत. त्याचे कारण कंजूषपणा नव्हते. शेजाऱ्याच्या छपराची डागडुजी केली तर उद्या तो खण आपल्याकडे मोडतो असा अर्थ निघेल, ही धास्ती होती. पाऊस अर्थातच खणांच्या हद्दी पाळीत नसे.

मालकाने काय करावे? भाडेकरूला काढणे जवळजवळ अशक्य. पाडून नवे बांधायचे म्हटले तर नव्या इमारतीत त्याला जागा द्यावी लागते. राहता राहिला एक मार्ग, तो म्हणजे वाट पाहणे. घर आपोआप पडले तर भाडेकरू आपोआप जाईल, असा हिशेब महाराष्ट्रातल्या किती जुन्या वाड्यांच्या मालकांनी केला असेल ते सांगता येणार नाही. तो हिशेब अनेकांच्या तोंडून आम्ही ऐकला आहे. महापालिका पावसाळ्यापूर्वी 'धोकादायक इमारत' अशी नोटीस लावते. कायद्याच्या २६४ व्या कलमाने तिला तसा अधिकार आहे आणि कोसळणाऱ्या घरातून माणसे बाहेर काढणे तिचे कर्तव्यच आहे. पण त्या नोटिशीचा अर्थ भाडेकरू आणि मालक वेगवेगळा वाचतात. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, साडेसात हजारांहून अधिक माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली, आणि सोलापुरातही त्या पहाटे लोक रस्त्यावर आले. त्यानंतर मातीच्या घराची भीती खरी झाली. ज्यांना वाडा पाडायचाच होता त्यांच्या हाती एक सबळ कारणही आले.

मग प्रश्न असा उरतो की घर पडल्यावर भाडेकरूचा हक्क राहतो की जातो? तो भिंतींत असतो की जमिनीत? एखाद्या तत्त्वज्ञाने घालावे असे हे कोडे आपल्या न्यायालयांत वर्षानुवर्षे खरोखर चालले होते. काही निकालांत म्हटले गेले की भाड्याने दिली ती इमारत. इमारत नष्ट झाली की भाडेपट्टाही संपला. अखेर २०१४ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने उलट निर्णय दिला : इमारत भाड्याने घेताना तिच्याखालची जमीनही भाडेपट्ट्यात असते, म्हणून पालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरार संपत नाही. भाडेकरूच्या दृष्टीने हा मोठा न्याय झाला, आणि आम्हांला तो योग्यच वाटतो. तरी त्याचा एक परिणाम बखळींवर दिसतो. हक्क उरला, घर उरले नाही. आणि ज्याचा हक्क उरला त्याच्यापाशी घर बांधायला पैसा नाही, ज्याच्यापाशी जमिनीची मालकी आहे त्याला त्या हक्कासकट बांधायचे नाही. पाटी पुन्हा रंगवली जाते.

यात भर १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याची. सोलापूर त्या कायद्याखाली येत होते. 'रिकामी जागा' या शब्दांना त्याने कायदेशीर व्याख्या दिली आणि मर्यादेबाहेरची रिकामी जागा सरकारजमा होईल असे सांगितले. गरिबांच्या घरांसाठी जमीन मिळावी हा हेतू. झाले असे की मोठ्या जागा सवलतींच्या अर्जांत आणि खटल्यांत अडकून पडल्या. केंद्राने १९९९ मध्ये आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये तो रद्द केला. असो.

गिरण्यांच्या चाळींची गोष्ट निराळी, आणि अधिक कठोर. वाड्यातल्या भाडेकरूजवळ निदान भांडायला कायदा होता. चाळीत घरमालक तोच कामाचा मालक. नोकरी गेली की खोलीवर राहण्याचे कारणच संपते.

याचा पहिला मोठा झटका १९४९ मध्ये बसला. जुन्या मिलच्या व्यवस्थापनाने जुलैमध्ये नोटीस लावली आणि २७ ऑगस्टला गिरणी बंद केली. हजारो कामगार रस्त्यावर आले तेव्हा केंद्र सरकारने ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम काढून, आणि मग खास या एका गिरणीसाठी कायदा करून, तिचा कारभार हाती घेतला. घटना अमलात येऊन वर्षही झाले नव्हते. एका भागधारकाने आपल्या मालमत्तेच्या आणि समतेच्या हक्कावर घाला आला म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर १९५० मध्ये चिरंजीतलाल चौधरी खटल्यात ती याचिका फेटाळली गेली. पण १९५३ च्या डिसेंबरात, द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने तो कायदा भरपाईविना मालमत्ता घेणारा म्हणून अवैध ठरवला. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते त्यांत हा एक आहे. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'सोलापूर मिल केस' ठाऊक असते. त्या दोन निकालपत्रांत भागधारक आहेत, संचालक आहेत, सरकार आहे. कामगार आहेत तेही बेकारीचा धोका म्हणून, सार्वजनिक हिताचा एक मुद्दा म्हणून. ते कुठे राहत होते हा प्रश्न त्या खटल्यांत उद्भवण्याचे कारणच नव्हते, हे आम्हांला कळते. तरीही मालमत्तेच्या हक्काचा एवढा मोठा ऊहापोह ज्या आवारातून निघाला, त्याच आवाराच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीवर कोणाचा कसला हक्क होता, हे विचारणारा कोणी निघाला नाही ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

पुढे कंपनी अवसायनात गेली. मुरारजी पेठेत, जुन्या मिलच्या आवारात, वसाहती उठल्या. 'जुनी मिल कंपाउंड' हा पत्ता टिकला. लक्ष्मी-विष्णू १९९० च्या दशकात थांबली. सरकारी महामंडळाकडे गेलेली नरसिंग गिरजीही वाचली नाही. बंद गिरणीचे आवार रिकामे होण्याचा एक क्रम असतो : आधी यंत्रे भंगारात जातात, मग छपराचे पत्रे, मग बिडाचे खांब, शेवटी घडीव दगड. चाळी मागे रेंगाळतात, कारण त्यांत माणसे असतात. मग वीज तुटते, पाणी तुटते, आणि उरलेले काम पावसावर सोपवले जाते.

मुंबईत असेच घडले, परंतु एका फरकाने. तिथे १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचे मोल आले, त्यामुळे निदान भांडण तरी झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या मैदानासाठी आणि तिसरा परवडणाऱ्या घरांसाठी राखला. २००१ च्या दुरुस्तीने तो हिस्सा आक्रसला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली, तरी आंदोलनाच्या रेट्याने गिरणी कामगारांसाठी काही हजार घरांची सोडत निघाली. तो नियम बृहन्मुंबईपुरता होता. सोलापूरच्या गिरणी कामगाराला वेस ओलांडून त्याचा आधार घेता आला नाही. त्याच्या गिरणीची जमीन तेवढी महाग नव्हती, आणि जमीन महाग नसली की तिच्यावर राहिलेल्या माणसाचा दावाही ऐकू जात नाही असा अनुभव आहे.

साहित्याच्या अभ्यासकांसमोर आम्हांला एक अडचण मांडायची आहे. मराठी वाङ्मयात पडते घर दोन तऱ्हांनी आले आहे. एक, मालकाच्या बाजूने : महेश एलकुंचवारांचा 'वाडा चिरेबंदी' हे त्याचे उत्तम उदाहरण, वाडा ढासळतो तो कुळाचा ऱ्हास म्हणून. दुसरे, मुंबईच्या चाळीतून : 'बटाट्याची चाळ'च्या अखेरच्या चिंतनापासून जयंत पवारांच्या 'अधांतर'पर्यंत. वाड्यात भाड्याने राहिलेला, वारसा नसलेला, आणि महानगराचे भाग्यही नसलेला माणूस या दोहोंच्या मधल्या बोळात राहून गेला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या भाडेकरूचे घर पडले तर ते कोणाच्या शोकाचा विषय व्हावे? मालकाला ते पडायला हवे होते, आणि भाडेकरूला ते 'माझे' म्हणण्याची सोय नव्हती. सोलापूरपुरते बोलायचे तर लक्ष्मीनारायण बोल्ली यांचे 'एका साळियाने' हे आत्मकथन हाताशी आहे, आणि विणकराचे घर आतून कसे असते ते कळण्यासाठी ते विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे असे आम्ही सुचवू. गिरणगावच्या मानाने हा संभार तोकडाच.

इतिहासाच्या साधनांची स्थिती थोडी बरी आहे. मुंबई सरकारच्या मजूर खात्याने १९२५ मध्ये सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या कौटुंबिक खर्चाची पाहणी केली, ती १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या गोखले संस्थेने शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. मंजिरी कामत यांनी अलीकडे या शहराच्या कामगारांचा इतिहास साक्षेपाने लिहिला आहे. भाडे, खोल्या, माणसे असे रकाने भरणाऱ्या पाहणीकाराने नकळत भाडेकरूचा इतिहास लिहून ठेवला. नगर भूमापनाची मिळकत पत्रिका पाहा : तिच्यात धारकाचे नाव, क्षेत्र, फेरफार, बोजा. भाडेकरूला रकाना नाही. घर पडले तरी पत्रिकेत फरक पडत नाही. म्हणून केवळ तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्याला सोलापुरात काही पडले हेच कळणार नाही.

दरम्यान शहराने आपल्या गरिबांची घरे दुसरीकडे बांधली. गिरण्या थांबल्या तशी घराघरांतली कमाई बायकांच्या विड्यांवर आली, आणि विडी कामगार बायकांच्या संघटनेने, आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली, घरांसाठी चिवट लढा दिला. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरकुले उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे वाटप झाले. त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आले, आणि त्यांतल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्या. कामगारांनी लढून घराची मालकी, तीही बहुतेक बाईच्या नावे, मिळवावी ही या शहराच्या इतिहासातली असाधारण घटना आहे. तिच्याविषयी हातचे राखून लिहिण्याचे कारण नाही. पण नकाशा समोर ठेवला की डोळा अडखळतो. चाळीस हजार घरे गावाबाहेरच्या खडकाळ माळावर, आणि गावाच्या पोटात, नळ आणि गटार आणि शाळा दारात असलेल्या जागा कुलूपबंद. कुंभारीहून शहरात कामाला येणाऱ्या माणसाची बस याच पेठांना वळसा घालून जाते.

मागच्या वर्षी आजोळची कागदपत्रे लावताना आम्ही आजीच्या नावाचा एखादा कागद शोधत होतो. घरपट्टीच्या पावत्या मालकाच्या नावे, पाणीपट्टी मालकाच्या नावे, भाड्याच्या पावत्या आजोबांच्या नावे. तिचे नाव असलेला कागद एकच निघाला : जुनी शिधापत्रिका, आणि तिच्यावर पेठ आणि घर क्रमांक. घर पडल्यावर दोन वर्षांनी ती फाटली म्हणून मामा बदलायला घेऊन गेला होता. कारकुनाने पत्ता तोच का म्हणून विचारले. आजी तेव्हा मामाकडे विजापूर रस्त्याला राहत होती. पण मामा हो म्हणाला, आणि नव्या पत्रिकेवरही तोच घर क्रमांक उतरवला गेला.